घरामागील टेकडी

ऑलिंपिक सामन्यांच्या बातम्या येऊ लागल्या म्हणजे आपल्याकडील घरांतूनही मुले पदकांचे तक्ते पाठ करू लागतात. कोणत्या देशाला सुवर्णपदके किती, रौप्यपदके किती, हा हिशेब त्यांच्या जिभेवर असतो. पण ते पदक प्रथम कोठे घडले, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. आपली समजूत अशी की, जेथे मोठे डोंगर, मोठा पैसा आणि मोठे शिक्षक असतात, तेथेच मोठे खेळाडू निपजतात. ही समजूत सर्वस्वी खोटी आहे असे नाही. तथापि अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातील एका लहानशा टेकडीची हकीकत ह्या समजुतीला चांगलाच धक्का देणारी आहे. आणि ती एका कुटुंबाची हकीकत असल्यामुळे ह्या सदरात तिला जागा देणे आम्हांस उचित वाटले.

अमेरिकेतील व्हरमाँट हे राज्य आकाराने लहान. त्याच्या उत्तरेस कॅनडाची सरहद्द लागते. राज्याचे नावच ‘हिरवा डोंगर’ ह्या अर्थाच्या फ्रेंच शब्दांवरून पडलेले आहे, आणि तशा हिरव्या डोंगरांची एक लांबच लांब रांग राज्याच्या मधोमध दक्षिणोत्तर पसरलेली आहे. सबंध राज्याची लोकवस्ती साडेसहा लाखांच्या आसपास. म्हणजे आपले बेळगाव शहर आणि त्याची उपनगरे मिळून जेवढे लोक राहतात, जवळजवळ तेवढेच. गाई पाळाव्यात, दूध विकावे, मेपल वृक्षाच्या रसापासून पाक काढावा, हे तेथील खेडुतांचे जुने उद्योग. बर्लिंग्टन ह्या राज्यातील सर्वांत मोठ्या शहराच्या पूर्वेस सुमारे २० किलोमीटरवर, विनूस्की नदीच्या काठी, रिचमंड नावाचा गाव आहे. ह्या गावात १८१३ साली बांधून पूर्ण झालेले सोळा बाजूंचे एक जुने लाकडी उपासनामंदिर आहे. निरनिराळ्या पाच पंथांच्या लोकांनी वर्गणी गोळा करून ते उभारले व आळीपाळीने वापरले. एक वस्तू अनेकांनी मिळून वापरावी, ही रीत त्या गावाला नवी नाही, एवढ्यासाठीच हा उल्लेख केला.

आपल्यापैकी बहुतेकांनी हिम पडताना पाहिलेले नसते. आपल्याला ठाऊक असतात त्या वळिवाच्या गारा. हिम त्याहून अगदी निराळे. पिंजलेल्या कापसासारखे ते संथपणे उतरते आणि थरावर थर चढून जमिनीवर साचते. त्यावरून पायी चालणे अवघड. म्हणून थंड देशांतील लोकांनी फार प्राचीन काळीच बुटांना लांब, चपट्या, टोकाशी वर वळलेल्या पट्ट्या बांधण्याची युक्ती काढली. ह्या पट्ट्यांना स्की म्हणतात. प्रारंभी ते प्रवासाचे साधन होते. पुढे उतारावरून घसरत खाली येणे हा एक खेळच होऊन बसला. आपल्या देशात काश्मीरमधील गुलमर्ग आणि गढवालमधील औली येथे हा खेळ चालतो, हे काही वाचकांनी ऐकले असेल.

ह्या खेळातील खरी अडचण खाली येण्याची नव्हे, वर जाण्याची! उतारावरून येण्यास अर्धे मिनिट पुरते, पण पुन्हा वर चढायचे तर जड पट्ट्या पायांत घेऊन, एकेक पाऊल आडवे टाकीत, वीस मिनिटे घाम गाळावा लागतो. मग दिवसभरात खेळ तो किती होणार? ह्यावर व्हरमाँटमधील वुडस्टॉक गावी १९३४ च्या जानेवारीत तोडगा निघाला. एका शेतकऱ्याच्या कुरणाच्या उतारावर फोर्ड मोटारीच्या इंजिनाला चाक जोडून त्यावरून एक लांब दोर फिरता ठेवण्यात आला. विहिरीवरील रहाटाची माळ जशी न तुटता फिरत राहते, तसा हा दोर एका बाजूने वर जाई व दुसऱ्या बाजूने खाली येई. खेळणाऱ्याने वर जाणारा दोर हाताने पकडायचा, की तो आपोआप टेकडीच्या माथ्यावर! अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील हा पहिला ‘रोप टो’, म्हणजे ओढदोर. त्यानंतर थोड्याच वर्षांत त्या प्रदेशातील कित्येक गावांनी आपापल्या टेकडीवर असे दोर बसविले. एखादे जुने इंजिन, काही चाके, दोर आणि देखरेखीस एक हौशी माणूस, एवढ्या भांडवलावर गावची स्की-टेकडी तयार होत असे.

आता मूळ हकीकतीकडे वळू.

मिकी कॉक्रन हे बर्लिंग्टन येथील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या कारखान्यात इंजिनियर होते. त्यांच्या पत्नीचे नाव जिनी. दोघांनाही स्कीइंगची मनापासून आवड. त्यांना चार मुले : मॅरिलिन, बार्बरा ॲन, बॉब आणि धाकटी लिंडी. सुटीच्या दिवशी मोटारीत सामान भरून सर्व कुटुंब दूरच्या मोठ्या डोंगरावर जात असे. पण आठवड्यातून एकदोन दिवसांच्या सरावाने मुलांची प्रगती व्हावी तशी होत नाही, हे मिकींच्या ध्यानात आले. त्यांनी रिचमंड येथे नदीजवळचे एक जुने शेतघर विकत घेतले. घर घेताना लोक सामान्यतः खोल्या मोजतात, विहीर पाहतात. कॉक्रन दांपत्याने पाहिला तो घरामागील उतार. १९६१ साली त्या उतारावर मिकींनी स्वतः ४०० फूट लांबीचा ओढदोर उभारला. त्या वेळी मुलांची वये सात ते अकरा वर्षांच्या दरम्यान होती. शाळा सुटल्यावर दप्तर टाकायचे, स्की बांधायच्या, आणि काळोख पडला तर दिव्यांच्या उजेडात सराव चालू ठेवायचा, असा त्या घरचा क्रम सुरू झाला.

चारशे फूट म्हणजे सव्वाशे मीटरही नव्हेत. पुढे टेकडीचा आणखी भाग वापरात आला, वर नेण्यासाठी इंग्रजी ‘टी’ अक्षराच्या आकाराच्या दांड्यांची ओढणी बसली. तरीही पायथ्यापासून माथ्यापर्यंतची उंची सुमारे ३५० फुटांपलीकडे गेली नाही. ह्याच राज्यातील किलिंग्टन ह्या प्रसिद्ध डोंगरावर तीन हजार फुटांहून अधिक उतार मिळतो. म्हणजे कॉक्रनांच्या टेकडीसारख्या आठनऊ टेकड्या एकावर एक ठेवाव्यात तेव्हा कोठे तेवढी उंची होईल.

असे असता ह्या एवढ्याशा उतारावर मुले काय शिकली असतील? आम्हांस वाटते, सर्व हकीकतीचे मर्म येथेच आहे. आपल्याकडे पोहणे शिकविताना कोणी मुलाला समुद्रात नेऊन टाकीत नाही. पाठीला भोपळा किंवा पांगाऱ्याचे लाकूड बांधून त्याला घरच्या विहिरीत सोडतात. तेथेच तो दहा वेळा पाणी पितो, दहा वेळा काठ धरतो आणि अखेर हात मारू लागतो. लहान उताराचा गुण विहिरीसारखाच आहे. मोठ्या डोंगरावर लिफ्टच्या रांगेत उभे राहण्यात आणि वर पोहोचण्यात वेळ जातो. उलट आखूड उतारावर मूल एका तासात कितीतरी वेळा वरखाली करते. तेच वळण, तोच खळगा, तीच चूक, आणि लगेच पुन्हा तेच वळण. शिवाय टेकडी लहान असल्यामुळे खाली उभ्या असलेल्या पित्याला मूल वरपासून खालपर्यंत सबंध दिसते. वळताना शरीराचा भार कोणत्या पायावर पडला, पट्टीची कड हिमात नीट रुतली की नुसतीच घसरली, हे तो पाहू शकतो आणि मूल खाली येताच त्याला सांगू शकतो. मोठ्या डोंगरावर शिक्षकाला शिष्याच्या मार्गाचा एखादा तुकडाच दिसत असतो.

आणि त्या ओढदोराविषयीही दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण तो दोर म्हणजे काही पाळणा नव्हे. चालता दोर एकदम घट्ट पकडला तर हिसका बसून मनुष्य पालथा पडतो. हळूहळू मूठ आवळीत गेले म्हणजे तो अलगद ओढू लागतो. हिमाने भिजला की दोर जड होतो व हातमोजे झिजवून टाकतो. सर्व वाटेत हातांना विसावा नाही, पायांनाही नाही, कारण स्की सरळ ठेवाव्या लागतात. आठ वर्षांच्या मुलाने संध्याकाळभरात तीसचाळीस वेळा असे वर जावे, म्हणजे निराळी तालीम करण्याचे कारणच उरत नाही. खुर्चीत बसून वर जाणाऱ्यांना हा लाभ कोठला?

मुलांची ही धावपळ पाहून शेजारची मुले आली. त्यांच्यामागून त्यांचे आईबाप आले. मिकी आणि जिनी ह्यांनी कोणालाही परत पाठविले नाही. घराचे स्वयंपाकघर हीच त्या टेकडीची धर्मशाळा झाली. ओले हातमोजे वाळविणे, गरम पेय घेणे, रडणाऱ्याचे डोळे पुसणे, हे सर्व जिनीबाईंच्या चुलीपाशी चाले. दुसऱ्यांची मुले चिखलाच्या बुटांनी आपल्या स्वयंपाकघरातून ये-जा करीत असताना, हिवाळ्यामागून हिवाळे ते सोसणे, ही गोष्ट बोलण्याइतकी सोपी नाही. आमच्या वाचक भगिनींना हे सांगण्याची गरज नसावी. जिनीबाई एवढ्यावरच थांबल्या नाहीत. गावच्या शाळेतील मुलांना शाळा सुटल्यावर स्कीइंग शिकविण्याचे काम त्यांनी अंगावर घेतले. वृत्तपत्रांनी मिकींच्या शिक्षणपद्धतीविषयी पुष्कळ लिहिले आणि ते योग्यच आहे. काही काळ ते राष्ट्रीय संघाचेही शिक्षक होते. पण ती टेकडी ‘कॉक्रनांची’ न राहता ‘गावाची’ झाली, ह्याचे श्रेय आमच्या मते त्या स्वयंपाकघराला अधिक आहे.

त्या चार मुलांचे पुढे काय झाले, हे थोडक्यात सांगतो. चौघेही अमेरिकेच्या राष्ट्रीय संघात निवडले गेले. थोरली मॅरिलिन हिने १९६९ साली जागतिक चषक स्पर्धामालेत ‘जायंट स्लालम’ ह्या प्रकारचे अजिंक्यपद मिळविले. कोणत्याही अमेरिकन खेळाडूला त्या मालेतील एखाद्या प्रकाराचे अजिंक्यपद मिळण्याचा तो पहिलाच प्रसंग. बॉब हा १९७३ साली ऑस्ट्रियातील किट्सब्यूल येथील अत्यंत अवघड समजल्या जाणाऱ्या सामन्यांत संयुक्त प्रकारात पहिला आला, आणि नंतर वैद्यकीचे शिक्षण घेऊन डॉक्टर झाला. लिंडी १९७६ च्या इन्सब्रुक ऑलिंपिकमध्ये स्लालम शर्यतीत सहावी आली. पण जगाला ते नाव कळले ते बार्बरा ॲनमुळे.

स्लालम ही शर्यत म्हणजे नुसते वेगाने खाली येणे नव्हे. उतारावर काठ्यांच्या जोड्या रोवून दरवाजे केलेले असतात. ते एकाआड एक डावीउजवीकडे असल्यामुळे खेळाडूला नागमोडी वळणे घेत प्रत्येक दरवाजातून जावे लागते. एक चुकला की शर्यतीतून बाद. अशा दोन फेऱ्या होतात आणि दोहोंची वेळ एकत्र मोजतात. जपानमधील सापोरो येथे ११ फेब्रुवारी १९७२ रोजी ही शर्यत झाली. त्या दिवशी हिम पडत होते, उतार दिसत नव्हता आणि अनेक जणी वाटेतच बाद झाल्या. एकवीस वर्षांच्या बार्बरा ॲनची दोन फेऱ्यांची वेळ ९१.२४ सेकंद भरली. फ्रान्सच्या डॅनिएल देबर्नार हिची वेळ ९१.२६ सेकंद. अंतर अवघे दोन शतांश सेकंदाचे! ताशी ४० किलोमीटरच्या वेगाने जाणारा मनुष्य तेवढ्या वेळात एक वीतभर पुढे सरकतो. दीड मिनिटाच्या शर्यतीचा निकाल त्या एका वितेने लागला. १९५२ साली आंद्रेआ मीड लॉरेन्स हिने ओस्लो येथे दोन सुवर्णपदके जिंकली होती. त्यानंतर वीस वर्षांनी एका अमेरिकन स्त्रीला ह्या खेळात सुवर्णपदक मिळाले. योगायोग असा की, आंद्रेआ हीदेखील व्हरमाँटचीच.

ही वीत कोठून आली, ह्याचा पुष्कळांनी शोध घेतला. प्रारंभरेषेवर एक लहानशी छडी आडवी असते. खेळाडूच्या नडगीने ती ढकलली गेली की घड्याळ सुरू होते. पाय मागे ठेवून शरीराचा वरचा भाग आधी पुढे झोकून द्यावा, म्हणजे घड्याळ सुरू होईपर्यंत अंगात वेग आलेला असतो. ही युक्ती पित्याने तिला घरच्या टेकडीवर शिकविली होती व तिचाच तेथे उपयोग झाला, असे सांगतात. प्रारंभाचा सराव करण्यास काही तीन हजार फुटांचा डोंगर लागत नाही. दहा पावलांचा उतार पुरतो.

येथवर वाचून एखाद्या पित्याच्या मनात येईल की, आपणही आपल्या मुलाला असेच लहानपणापासून एखाद्या विषयास जुंपावे. त्याला आमचे सांगणे आहे की, घाई करू नका. पिताच शिक्षक झाला म्हणजे घराला घरपण राहत नाही, जेवणाच्या पाटावरही शर्यतीचीच चर्चा चालते आणि मूल हरले तर ते आधार कोणाकडे शोधणार, हा धोका खराच आहे. तो ह्या घराने कसा टाळला, ह्याचे उत्तर आम्हांस त्या मुलांच्या पुढील आयुष्यात दिसते. बार्बरा ॲन तेवीसचोवीस वर्षांची असतानाच स्पर्धांतून निवृत्त झाली, तिने विद्यापीठाचे शिक्षण पुरे केले आणि पुढे ती त्याच टेकडीवर लहान मुलांना शिकवू लागली. जुलमाने लादलेल्या गोष्टीकडे मनुष्य असा हौसेने परत येत नाही.

मात्र गुणवान कुटुंबांचीच गोष्ट असती तर ती येथेच संपली असती. ज्या काळात कॉक्रनांची मुले पदके जिंकीत होती, त्याच काळात त्यांच्या टेकडीसारख्या शेकडो टेकड्यांचे दोर एकामागून एक थांबत होते. न्यू इंग्लंड ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ईशान्येकडील राज्यांत बंद पडलेल्या स्की-टेकड्यांची मोजदाद हौशी संशोधकांनी केली, तेव्हा ती संख्या सहाशेहून अधिक निघाली. आज त्या उतारांवर झाडे वाढली आहेत. रानात हिंडताना एखादे गंजलेले इंजिन किंवा चाक आढळते, तेवढीच खूण.

त्याची कारणे अनेक. रुंद हमरस्ते झाले आणि शहरातील लोक गावची टेकडी ओलांडून थेट मोठ्या डोंगराकडे जाऊ लागले. दुसरे कारण विम्याचे. १९७४ साली व्हरमाँटमधील स्ट्रॅटन ह्या मोठ्या डोंगरावर एक तरुण नवशिक्यांच्या वाटेवर घसरत असता हिमाखाली दडलेल्या झुडपात अडकून पडला व कायमचा पंगू झाला. न्यायालयाने १९७७ साली त्याला १५ लाख डॉलरांची भरपाई देवविली. ज्याचे हातपाय गेले त्याच्या बाजूने न्याय झाला, ह्यात गैर काहीच नाही. पण त्यामुळे विमा कंपन्यांनी दर भराभर चढविले. व्हरमाँटच्या विधिमंडळाने १९७८ साली कायदा करून खेळातील स्वाभाविक धोक्यांची जबाबदारी खेळणाऱ्यावर टाकली, तरी उतरत्या परिस्थितीला लागलेल्या लहान टेकड्यांना वाढता हप्ता पेलण्यासारखा नव्हता. शंभर डॉलरांची तिकिटे विकणाऱ्याला जो हप्ता जाचक होत नाही, तो दोन डॉलर घेणाऱ्याला मारून टाकतो.

तिसरे कारण खुद्द हिमाचे. मोठे डोंगर उंच. तेथे थंडी अधिक काळ टिकते. लहान टेकडीच्या पायथ्याशी एका उबदार पावसात आठवड्याचे हिम वाहून जाते. त्यावर उपाय म्हणजे कृत्रिम हिम. दाबलेल्या हवेबरोबर पाण्याचा बारीक फवारा रात्रीच्या थंडीत उडविला म्हणजे थेंब जमिनीवर पडण्यापूर्वीच गोठतात. पण ह्यासाठी हवा शून्याखाली निदान दोन अंश तरी गेली पाहिजे. शिवाय पंप, नळ, वीज आणि रात्रभर जागणारी माणसे हवीत. जे आकाशातून फुकट पडत होते ते आता पैसे मोजून तयार करावे लागते. हिवाळे पूर्वीपेक्षा ऊबदार होत चालले आहेत, तसतसा हा खर्च वाढतच जाणार.

कॉक्रनांच्या टेकडीवरही ही वेळ आलीच. मिकी कॉक्रन १९९८ साली निवर्तले. त्याच वर्षी कुटुंबाने टेकडी आपली खाजगी मालमत्ता म्हणून न चालविता तिची धर्मादाय संस्था केली. तसा करमुक्त दर्जा मिळालेली देशातील ही पहिलीच स्की-टेकडी, असे तिचे चालक सांगतात. पैशाअभावी कोणत्याही मुलाला खेळापासून वंचित ठेवायचे नाही, हे संस्थेचे ब्रीद ठरले. तिकिटाचे दर जवळपासच्या मोठ्या डोंगरांच्या मानाने फारच कमी ठेवण्यात आले. ते परवडतात कसे? काही गावकरी विनावेतन काम करतात, काही जण देणग्या देतात.

येथे आम्हांस एक गोष्ट निःसंकोचपणे नमूद करावीशी वाटते. देणगी मागणाऱ्याच्या हाती सुवर्णपदकाची कीर्ती असली म्हणजे दाराची कडी लवकर निघते. ज्या टेकडीवर एकही विजेता जन्मला नाही, पण जिने चाळीस वर्षे गरीब शेतकऱ्यांच्या मुलांना आनंद दिला, तिच्यासाठी कोण पैसे देणार? अशा टेकड्या केवळ आसपासच्या लोकांच्या जिद्दीवर तरल्या. व्हरमाँटमधील ईस्ट कॉरिंथ ह्या खेड्यात १९३६ पासून एक ओढदोर चालू आहे. गावकरीच तो आळीपाळीने चालवितात, तेच तिकिटे फाडतात. ह्या खेड्याचे नाव पदकांच्या तक्त्यात शोधून सापडणार नाही. मॅड रिव्हर ग्लेन नावाचा त्याच राज्यातील एक बराच मोठा डोंगर खेळणाऱ्यांनीच भाग विकत घेऊन १९९५ साली सहकारी तत्त्वावर आपलासा केला. तेव्हा मार्ग एकच नाही. पण प्रत्येक मार्गात कोणीतरी आपल्या सुटीचा दिवस देऊन दोराशी उभे राहावे लागते, हे मात्र कोठेही सुटलेले नाही.

जिनीबाईंनी २००५ साली जगाचा निरोप घेतला. पुढच्याच वर्षी तुरिन ऑलिंपिकमध्ये त्यांचा एक नातू आणि एक नात उतरली. तो नातू, बॉबचा मुलगा जिमी, पुढे टेकडीची व्यवस्था पाहू लागला. बार्बरा ॲनचा मुलगा रायन कॉक्रन-सीगल हा जानेवारी २०२१ मध्ये किट्सब्यूल येथे भयंकर पडला आणि त्याच्या मानेचे हाड मोडले. एका वर्षानंतर, ८ फेब्रुवारी २०२२ रोजी, बीजिंग ऑलिंपिकमधील ‘सुपर जी’ ह्या वेगाच्या शर्यतीत त्याला रौप्यपदक मिळाले. सुवर्णपदक त्याच्या हातून केवळ चार शतांश सेकंदाने गेले. पन्नास वर्षांपूर्वी आईला दोन शतांशांनी मिळाले, मुलाचे चार शतांशांनी हुकले. त्या घरच्या माणसांना घड्याळाचा राग येत असेल की कौतुक वाटत असेल, कोण जाणे!

आईने मात्र आपला उद्योग सोडला नाही. तीन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी तिने अनेक वर्षे एक वर्ग चालविला. त्याची तऱ्हा जराशी निराळी. तेथे ती मुलांना शिकविते त्याहून अधिक त्यांच्या आईबापांना शिकविते : लहान मुलाला दोराशी कसे उभे करावे, उतारावर त्याच्यापुढे आपण कसे चालावे, तो पडला असता लगेच न उचलता किती वेळ थांबावे, आणि तो कंटाळला की घरी कधी न्यावे. सुवर्णपदक मिळविलेली बाई हिमात गुडघे टेकून एखाद्या बापाला सांगत असते की, पोराचा हात जरा सैल सोड.

मार्च महिना लागला म्हणजे दिवसा ऊन आणि रात्री थंडी, अशी हवा तेथे पडते. हिम विरघळू लागते, खेळ आटोपत येतो. त्याच वेळी मेपलच्या खोडांत रस चढतो. मिकी-जिनींच्या काही नातवांनी टेकडीवरील मेपलच्या झाडांना नळ्या लावून पाक करण्याचा धंदा काढला आहे. सुमारे चाळीस भांडी रस आटवावा तेव्हा एक भांडे पाक उतरतो. म्हणून चुलाण रात्री उशिरापर्यंत पेटलेले असते आणि वर उतारावर शेवटची मुले दोर धरून चढत असतात.